कुठल्या गाडीत माझा वास कमी येतो

"जरा पळून ये," मॅडम म्हणाल्या.

मला वाटलं, जुन्या गाडीत काही राहिलं असेल. मी विचारलं, "काय आणू मॅडम?"

"काही आणायचं नाही. त्या फाट्यापर्यंत पळत जा आणि पळत परत ये. घाम यायला हवा."

ऑक्टोबरचं ऊन. दुपारचे बारा. मुंबई-आग्रा हायवेच्या कडेला काचेचं शोरूम आणि त्याच्या पायरीवर आम्ही चौघं. साहेब मोबाईलमध्ये डोकं घालून उभे होते. शोरूमची ब्लेझरवाली बाई हसू दाबत होती. आणि मी, वय वर्षं सेहेचाळीस, पांढरा गणवेश, काळे बूट.

मी पळालो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून कुणी मला शूर म्हणेल. अकरा वर्षं नोकरी केलेला माणूस सांगितलं की पळतो, का म्हणून विचारत नाही. फाट्यावरच्या टपरीला हात लावला आणि परत आलो. टपरीवाला बघत राहिला, त्याला वाटलं कुणी तरी मेलं असावं.

परत आलो तर मॅडम म्हणाल्या, "आता बूट काढ. आत बस. काचा बंद कर, एसी लाव."

निळी गाडी होती. मी मोज्यांवर स्टिअरिंगला बसलो. मागे साहेब आणि मॅडम, माझ्या शेजारी ब्लेझरवाली. गाडी हलवायची नव्हती. आरशात मला मॅडमचं नाक दिसत होतं, एखादी भाजी घ्यावी की नको ठरवताना बायका वर करतात तसं वर केलेलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते मला हुंगत होते.

"येतोय," मॅडम म्हणाल्या.

"थोडा," साहेब म्हणाले.

"थोडा कसा? इथपर्यंत येतोय."

ब्लेझरवाली मागे वळली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅम, आपल्या गाडीत एअर प्युरिफायर आहे. असा कुठलाही वास पाच मिनिटांत जातो."

साहेबांनी ते मोबाईलमध्ये लिहून घेतलं.

कुठलाही वास. म्हणजे सिगारेटचा, कुत्र्याचा, माझा.

आता हे साहेब कोण ते सांगतो. कांद्याचे व्यापारी. चांदवडला त्यांच्या कांदा साठवायच्या लांबच लांब चाळी आहेत आणि नाशकात गंगापूर रोडला बंगला. बंगल्याची वीट न वीट कांद्याची. फाटकावरचा पितळी सिंहसुद्धा कांद्याचाच. पण गंगापूर रोडला राहायला आल्यापासून त्यांना कांदा म्हणवत नाही, ते 'अ‍ॅग्रो' म्हणतात. मुलं परदेशात. घरात दोघंच, म्हणून जुनी लांबलचक गाडी काढून छोटी पण भारीतली घ्यायची ठरली. मॅडमचे गुडघे दुखतात, म्हणून सीट उंच हवी. भिशीतल्या मैत्रिणींनी बघावी, म्हणून परदेशी हवी. अशा दोन गाड्या निघाल्या. एक निळी, एक पांढरी. दसऱ्याला दारात यायला हवी होती.

सगळं ठरलं आणि मॅडमच्या लक्षात आलं की गाडी आखूड आहे. जुन्या गाडीत माझं डोकं आणि त्यांचं नाक यांच्यात बरंच अंतर होतं. या दोन्हींत ते नव्हतं. इंजिन, मायलेज, सुरक्षा सगळं बाजूला राहिलं आणि एवढाच प्रश्न उरला की कुठल्या गाडीत ड्रायव्हरचा वास कमी येतो.

माझ्या खिशात एक कागद होता. त्याचीच मला आज जास्त लाज वाटते. महिनाभर मी या दोन गाड्यांचे व्हिडिओ बघत होतो. निळीचं सस्पेन्शन मऊ, पण पोट खाली, बंगल्याच्या उतारावर घासणार. पांढरी जरा कडक, पण कसारा घाटात मागे न सरकता उभी राहणार आणि इगतपुरीच्या धुक्यात तिचे दिवे जास्त कामाचे. सगळं वहीच्या कागदावर छान अक्षरात लिहिलं होतं. चालवणारा मी, तेव्हा साहेब विचारतीलच. घडी करून खिशात ठेवलेला तो कागद त्या पळण्यात घामाने भिजला. वाचायचा तर सोडाच, तो कुणी पाहिलाही नाही.

बंगल्याच्या मागे एक खोली आहे. त्यात मी आणि माझी बायको सुमन राहत होतो. सुमन बंगल्याची धुणीभांडी करायची. खोली नोकरीसोबत आलेली, नोकरीसोबत जाणारी. आम्हा दोघांना चहा मागच्या पायरीवर, आमच्या वेगळ्या कपांत. पहिल्याच दिवशी मॅडमनी आडनाव विचारलं होतं आणि दुसऱ्या दिवशी ते दोन कप आले होते. खोलीत बोंबील, सुकट भाजायची नाही. ड्युटीवर येताना कांदा-लसूण खायचा नाही. कांद्याच्या व्यापाऱ्याच्या ड्रायव्हरने अकरा वर्षं भाकरीसोबत कांदा खाल्ला नाही. आणि त्याला त्यात काही वावगंही वाटलं नाही. तो मीच.

माझं गाव घोटीकडचं, भाताचं. आमची वस्ती गावाच्या पूर्वेला आहे. लहानपणी मी आईला विचारलं होतं, आपण सगळे एकाच अंगाला का राहतो. आई म्हणाली होती, "वारा तिकडून हिकडं येतो बाबा. आपल्या अंगावरचा वारा गावात जायला नको." ती हे अगदी साधेपणाने म्हणाली, विहीर तिकडे आहे म्हणावं तसं. मी शिकलो, लायसन्स काढलं, शहरात आलो. इथे तोच वारा एसीच्या जाळीतून यायला लागला आणि तो कुठून कुठे जावा हे पुन्हा त्यांनीच ठरवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पांढरीची पाळी होती. सकाळी मॅडमनी माझ्या हातात सुगंधी साबण ठेवला. नवा शर्ट, नवे मोजे. म्हणाल्या, "आज पळू नकोस. आज स्वच्छ असताना किती येतो ते बघू." मी तो साबण दोनदा लावला. काखा घासल्या, टाचा घासल्या, मान लाल होईपर्यंत घासली. सुमन दाराशी उभी राहून बघत होती.

त्याआधी साहेबांना चांदवडला न्यायचं होतं. पावसाळा संपला की चाळीतला उरलेला कांदा निवडतात. खालचा थर सडलेला असतो, त्याला पाणी सुटलेलं असतं. तो वास ज्याने घेतला आहे त्याला सांगायला नको आणि ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही. साहेब त्या थरावरून चालत गेले, निवडणाऱ्या बायांवर ओरडले, चालत परत आले आणि तसेच गाडीत बसले. नाशिकपर्यंत गाडी नुसती घमघमत होती. मी काच खाली केली नाही. अकरा वर्षांत कधीच केली नव्हती. साहेबांना धूळ चालत नाही.

बंगल्यावरून मॅडमना घेतलं. जुन्या गाडीत त्या पुढे माझ्या शेजारी बसल्या, आरशात बघून लिपस्टिक नीट करायला. पांढरीच्या शोरूमला पोहोचेपर्यंत त्यांचं बोलणं भिशीबद्दल चाललं होतं, नाकाला अजून काम दिलेलं नव्हतं.

पांढऱ्या गाडीत मी स्टिअरिंगला, शेजारी तिथला सेल्समन, मागे ती दोघं. या वेळी गाडी चालवायला दिली. हायवेला लागलो. काय गाडी होती. हलक्या हाताने वळत होती. दोन मिनिटं मी सगळं विसरलो.

मग मागून आवाज आला. "अरे देवा. आज तर जास्तच येतोय."

आरशात पाहिलं. मॅडमनी ओढणी नाकाला लावली होती.

साहेबांनी श्वास ओढला. म्हणाले, "हो गं. आंघोळ केली होती ना रे?"

"दोनदा केली साहेब."

सेल्समनने एसी वाढवला. मॅडम म्हणाल्या, "मग असं कसं?"

तेव्हा साहेब बोलले. रागाने नाही. समजूत घालावी तशा आवाजात, शांतपणे. "ह्यांच्या अंगातच असतं ते. आंघोळीनं जात नाही."

ह्यांच्या.

माझ्या नाही. ह्यांच्या. त्यात माझी आई आली. सुमन आली. पूर्वेच्या अंगाची सगळी वस्ती त्या मागच्या सीटवरून हुंगून झाली. आणि हुंगणाऱ्याच्या बुटाखाली सडका कांदा.

मी इंडिकेटर दिला. गाडी सर्व्हिस रोडला घेतली, थांबवली, बंद केली. मी कायदा कधी मोडत नाही. उतरलो आणि साहेबांच्या बाजूचं मागचं दार उघडलं.

"साहेब, बूट काढा."

"काय?"

"काल मी काढले. आज तुम्ही काढा."

साहेबांचं तोंड उघडं राहिलं. मॅडमनी खाली पाहिलं. नव्या गाडीच्या पायपुसण्यावर पिवळट पाणी उतरलं होतं आणि बुटाच्या कडेला कांद्याचं साल चिकटलं होतं. मॅडमना कळलं. मी त्यांचे डोळे बघितले, त्यांना नक्की कळलं. त्यांनी ओढणी नाकावरून काढली आणि मांडीवर नीट घडी केली. अगदी सावकाश. नवऱ्याचा वास असेल तर नाक झाकायचं नसतं, हे मला त्या दिवशी समजलं.

"तोंड सांभाळून बोल," त्या म्हणाल्या. मला.

साहेब लाल झाले होते. "किल्ली दे त्याला. आजच्या आज खोली खाली कर."

सेल्समन समोर बघत बसला होता. माणूस मेला तरी त्याने समोरच बघितलं असतं, टार्गेट पूर्ण व्हायचं होतं ना. मी किल्ली त्याच्या हातात दिली आणि चालायला लागलो. पाठीमागे दार बंद झाल्याचा आवाज आला. चांगल्या गाडीचं दार फार मऊ बंद होतं.

चालताना मला मोठा आनंद झाला होता. सिद्ध झालं, असं वाटत होतं. वास माझा नव्हता, त्यांचा होता. दीड तास मी तेच घोळवत आलो. खोलीवर पोहोचलो तेव्हा चार वाजले होते. सुमनला सगळं सांगितलं, हातवारे करून. 'बूट काढा' तर दोनदा सांगितलं.

ती आधी हसली. म्हणाली, "अकरा वरसं त्यांचे मोजे मी धुतीय. मला इचारायचं व्हतं."

मग हसायची थांबली. माझ्याकडे बघत म्हणाली, "आन समजा वास तुमचाच असता तर?"

"म्हंजे?"

"म्हंजे बूट त्यांचे साफ असते, आन वास खरंच तुमचा असता. मंग बसला असता गप? आनखी एकदा साबण लावला असता?"

आजही त्या प्रश्नाने मान खाली जाते. कारण उत्तर होतं, हो. गप बसलो असतो. त्या दिवशी मी बंड केलं नव्हतं, फक्त आरोप फेटाळला होता. न्यायाधीश तेच, कोर्ट त्यांचं, आणि मी निर्दोष सुटलो म्हणून नाचत घरी आलो होतो. मला कुणी हुंगावंच का, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. तो धुणं धुणाऱ्या बाईच्या डोक्यात आला.

सुमनने डब्याच्या तळाशी दडवलेले बोंबील काढले. मी म्हटलं, "आधी सामान बांधू. लय वेळ झालाय."

"सामान काय हाय आपलं? आधी जेवू."

तिने खिडकी उघडली, दार उघडलं आणि बोंबील सरळ आचेवर भाजले. धूर बंगल्याकडे गेला. वारा त्या दिवशी तिकडेच वाहत होता. वरच्या मजल्याच्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या. आम्ही भाकरी, बोंबील आणि बुक्कीने फोडलेला कांदा खाल्ला. अकरा वर्षांनी. डोळ्यांना पाणी आलं ते कांद्याचं होतं की कसलं, ते मी तपासत बसलो नाही.

आता मी पिकअप चालवतो. आसपासच्या मळ्यांतून भाजी आणि झेंडू उचलायचा, मार्केटला टाकायचा. म्हसरूळच्या पुढे पत्र्याची खोली आहे. उन्हाळ्यात तापते, पावसात गळते. सुमनच्या हाताला दुसरीकडची भांडी लागली आहेत. बरं चाललंय असं मी म्हणणार नाही.

परवा सिग्नलला ती दिसली. निळी. शेवटी निळीच घेतली. पुढच्या बंपरखाली लांब ओरखडे होते. उतारावर घासत असणार, माझ्या कागदावर पहिल्या ओळीतच लिहिलं होतं. नव्या ड्रायव्हरच्या तोंडाला मास्क, हातांत पांढरे हातमोजे. मागे साहेब आणि मॅडम. चारही काचा घट्ट लावलेल्या. आत वास न येण्याचा केवढा तो बंदोबस्त, आणि दोघंही नाक वर करून बसलेली, अजून काही येतंय का ते बघत.

माझी काच खाली होती. अंगाला घाम, झेंडू, डिझेल, सगळ्याचा मिळून वास येत होता. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. मी फिरवली नाही. हिरवा लागेपर्यंत बघत राहिलो.

मी आता माझ्या अंगाबद्दल कुणालाही खुलासा देणार नाही. त्याला वास येतो. येणार. मला कुणी पुन्हा 'पळून ये' म्हणालं, तर मी जागचा हलणार नाही. आणि त्याला बूट काढ असंही म्हणणार नाही. समोरच्याची लायकी कळायला मला आता हुंगावं लागत नाही.