दुर्गाबाईंच्या मळ्यावरचा ठिपका

मोशीत इंद्रायणीकाठी दुर्गाबाईंचा एवढाच मळा उरला होता. बाकीची जमीन रस्त्यात गेली, आणि तेव्हाही आधी एक गोड बोलणारा माणूस येऊन रेघा ओढून गेला होता. म्हणून त्या रविवारी सकाळी पिवळ्या प्लास्टिकच्या होडीतून एक जण वल्हं मारत आला आणि काठाकडे मोबाइल धरून थांबला, तेव्हा मेथी उपटायची टाकून त्या उठल्या.

"कुनाचा मानूस तू? बिल्डरचा का सरकारचा?"

"कुणाचाच नाही, काकू. मी स्वानंद. चाकणला कंपनीत आहे. सुट्टीला होडी चालवतो."

"असल्या घान पान्यात?"

तो ओशाळून हसला आणि मोबाइल पुढे केला. नदीसारखीच वळत गेलेली लाल रेघ. होडी जाईल तशी ती आपोआप उमटते, मग इतरांनाही बघता येते, असं त्याने सांगितलं. रेघ पाहून दुर्गाबाईंनी त्याचं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं.

पुढच्या रविवारी चार अनोळखी माणसं दोन होड्या उचलून, वाफे तुडवत काठाकडे निघाली. "नकाशावर हीच उतरायची जागा आहे," एक जण म्हणाला. सून सायलीने आपल्या मोबाइलवर शोधलं. मळ्यावर ठिपका होता आणि खाली स्वानंदचं नाव.

"आज उतरायची जागा," दुर्गाबाई म्हणाल्या, "उद्या म्हनतील वहिवाट हाय."

त्या काठावरच बसून राहिल्या. दुपारी स्वानंदची होडी दिसताच त्यांनी त्याला हाक मारून वर बोलावलं. चिरडलेली मेथी बघून त्याचा चेहरा उतरला. त्याने तिथेच ठिपका काढून गावाच्या घाटावर टाकला.

"सायले, तुज्या मोबाइलात बघ, खरं का ते."

"गेलाय, आत्याबाई."

"आन् ज्यांनी आदीच आपल्या मोबाइलात उतरवून घेतलाय?"

"त्यांच्याकडचा मला पुसता येणार नाही, काकू."

हे एकच बोलणं दुर्गाबाईंना खरं वाटलं. त्यांनी कोयता काढला. दोघांनी मिळून बाभळीच्या फांद्या तोडून वाट बंद केली. स्वानंदच्या हातात काटे मोडले, तरी तो शेवटपर्यंत थांबला. काम होईस्तोवर त्याचा मोबाइल मात्र दुर्गाबाईंनी सायलीजवळ ठेवायला लावला.