बाटल्यांमधली वाट

आमच्या गावापुढं उजनीचं पाणी इतकं पसरलंय, की हिवाळ्यात सकाळी पलीकडचा काठ दिसत नाही. सडकेनं वळसा घातला तर दोन तास, होडीनं अर्धा. म्हणून आबांच्या, माझ्या वडिलांच्या, छातीत कळ आली तेव्हा मी सडकेचा विचारच केला नाही. मी सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या सासरहून दोन दिवसांसाठी माहेरी आले होते. पलीकडच्या काठावर ॲम्ब्युलन्स बोलावली. तिथून सरळ सोलापूर. आबांना होडीत निजवलं आणि इंजिन सुरू केलं. होडी चालवायला त्यांनीच शिकवलं होतं, माझ्याशी भांडत भांडत.

पण मी शिकले तेव्हा पाणी मोकळं होतं. आता बघावं तिकडं बाटल्या. झिंगे धरायचे जाळीचे सापळे तळाला सोडतात आणि खूण म्हणून दोराला रिकामी प्लास्टिकची बाटली बांधतात. मासे कमी झाले तसे सापळे वाढले. कुठून वाट काढायची ते आबा पडल्या पडल्या हातानं दाखवत होते. गप पडा म्हटलं तर ऐकतील ते आबा कसले!

मध्यावर इंजिन आचका देऊन बंद पडलं. पंख्याला दोर गुंडाळला होता. मी विळा उचलला.

"कापू नगंस," आबा म्हणाले. "कुणाचा तरी सापळा हाय. दोर तुटला की पुन्हा घावत न्हाय त्यो."

आमच्या पाण्यावर दुसऱ्याचा दोर कापत नाहीत. वैऱ्याचा असला तरी सोडवून देतात. हे ठाऊक असूनही मी ओरडले, "आबा, तुमचा जीव मोठा का सापळा?"

"सोडीव की. असा कितीसा येळ लागतुया?"

जन्मभर त्यांचं एक ऐकलं नाही आणि नको तिथं ऐकलं. विळा खाली ठेवला, ओणवी होऊन गार पाण्यात हात घातले आणि एकेक वेढा सोडवत बसले. बोटं बधिर झाली. पाठीमागं आबा कण्हत होते, मग कण्हायचे थांबले. मला वाटलं, बरं वाटतंय.

दोर सुटला. निळी चिंधी बांधलेली बाटली बाजूला गेली. "सुटला, आबा," म्हणत मी वळले. आबा गेले होते.

तरीही काठापर्यंत प्रत्येक बाटली चुकवत होडी नेली. का, ते मला आजही सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या मंडळींना मी निळ्या चिंधीचं विचारलं. शेजारच्या वस्तीवरचा एकजण पुढं आला.

"माझीच हाय, आक्का. पर त्यो सापळा फाटलाय. दिवाळीपास्नं काढलाबी न्हाय म्या. कापायचा की!"

आणि तो रडायला लागला. कापू नको म्हणणारे आबा गेले, आणि विळा तर माझ्या हातात होता.