मावशीच्या कॅक्टसला पाणी कोण घालतं?

माझ्या मावशीला कुणी काळजीने काही सांगायला लागलं की आधी तिचं डोकं फिरतं, मग ती ऐकते. ऐकतेच असंही नाही. तिची सगळी नोकरी कपड्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर गेली. शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, शिवण बोटांनी ताणून बघायची आणि खोट दिसली की परत पाठवायचा. ती सवय घरीही सुटली नाही. दादा, म्हणजे तिचा मुलगा, लग्नाला उभा राहिला तेव्हाही हिने आधी त्याची कॉलर उलटून पाहिली होती आणि मगच आशीर्वाद दिला होता.

गेल्या हिवाळ्यात ती बाथरूममध्ये घसरली आणि मनगट मोडून बसली. मनगट बरं झालं, घरच्यांची धास्ती काही बरी होईना. दादाने तिच्या दाराच्या जादा चाव्या करून घेतल्या. एक स्वतःकडे ठेवली, एक वहिनीला दिली आणि एक समोरच्या दारातल्या मास्तरांना. मास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, स्वभावाने गरीब गाय. मग दादाने पुढचा विषय काढला. मावशी एकटी राहते त्या दोन खोल्या तिने भाड्याने द्याव्यात आणि त्याच्याकडे मागच्या खोलीत येऊन राहावं.

"मला काय झालंय?" मावशीने विचारलं.

"तू हल्ली विसरतेस, आई."

एकदा, फक्त एकदा, तिने दूध गॅसवर ठेवलं आणि ते उतू गेलं होतं. माझ्याकडे आठवड्यातून दोनदा जातं. पण मी चाळिशीतली, त्यामुळे मला धांदरट म्हणतात. तिला विसराळू म्हणतात.

अशातच तिचा कॅक्टस कलला. स्वयंपाकघराच्या खिडकीतला हा कॅक्टस तिला कारखान्यातल्या बायकांनी निरोपाच्या दिवशी दिलेला. हातभर उंच, खांबासारखा सरळ, अंगभर काटे. मावशीसारखाच, असं आम्ही तिच्या माघारी म्हणायचो. तो आता ओट्याच्या बाजूला मान टाकून उभा होता. दादाने ते पाहिलं आणि बोलू नये ते बोलला.

"बघ, आता साधा कॅक्टससुद्धा तुझ्याच्याने सांभाळला जात नाही."

मावशी गप्प बसली. तिने गप्प बसावं हे आमच्या घरात धोक्याचं लक्षण आहे. दादाला वाटलं, पटलं तिला. त्याने परस्पर एका जोडप्याला रविवारी खोल्या बघायला बोलावूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा मावशी पदर खोचून कॅक्टसच्या मागे लागली होती. आधी तिला वाटलं, ऊन कमी पडतंय. कुंडी उचलून खिडकीच्या अगदी कडेला ठेवली. फरक नाही. मग काठी रोवून त्याला नाडीने बांधलं, तर तो काठीसकट वाकला. मी म्हटलं, "मावशी, जाऊ दे ना, दुसरा आणू." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट चहा ठेवला.

चहा होईपर्यंत ती स्टुलावर बसून नुसती बघत राहिली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "कॉलर वाकडी बसली तर आम्ही कॉलर नाही गं उसवायचो. आधी खांदा बघायचो." आणि तिने कॅक्टसचा शेंडा सोडून बुंध्याला बोट लावलं. बोट आत गेलं. बुंधा फार पिकलेल्या केळ्यासारखा मऊ झाला होता. तिने विणकामाची सुई मातीत तळापर्यंत खुपसून बाहेर काढली. सुईला चिखल, आणि त्याला कुबट वास.

"मी महिनाभर याला पाणी घातलेलं नाही," मावशी म्हणाली.

"मग?"

"मग तेच बघायचंय."

पुढचे दोन दिवस आम्ही आतल्या खोलीचं दार किलकिलं ठेवून बसलो. मावशीची फिरायला जायची वेळ झाली तसं मास्तरांनी चावीने दार उघडलं, पावलं न वाजवता आले, तांब्याभर पाणी कुंडीत ओतलं आणि साळसूदपणे निघून गेले. संध्याकाळी वहिनी भाजीची पिशवी ठेवायला आली आणि तिने अर्धी बाटली रिकामी केली. दुसऱ्या दिवशी दादा आला. फोनवर कुणाला तरी झापता झापता पाणी प्यायला आणि पेल्यात उरलेलं कॅक्टसला देऊन टाकलं. मला हसू आवरेना, मी तोंडात ओढणी कोंबली. मावशी हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते.

"तिघांनी मला निकालात काढलंय गं," ती म्हणाली. "एकानेही विचारलं नाही, पाणी घातलंस का म्हणून."

मला तिघांचाही राग आला. खरं सांगते, अजूनही येतो.

रविवारी ते जोडपं यायच्या आधी तिने तिघांना चहाला बोलावलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर कॅक्टस आडवा ठेवला होता. मुळं काळी पडून गळून गेली होती. मावशीने सुरी पुसली आणि बुंध्याची चकती कापली. आत तपकिरी. आणखी एक कापली. अजून तपकिरी. तिसऱ्या चकतीला स्वच्छ हिरवा गर लागला तेव्हा तिने सुरी खाली ठेवली.

"याला पाणी कोण घालतं?"

मास्तर खाकरले. "मी आपलं सकाळी थोडंसं. तुमच्या लक्षात राहत नसेल म्हणून."

"तुम्हीपण?" वहिनीच्या तोंडून निघून गेलं आणि तिने जीभ चावली. दादा टेबलाकडे बघत म्हणाला, "मी फक्त उरलेलं घालायचो."

"मी खरंच विसराळू असते ना," मावशी म्हणाली, "आणि तुम्हीही माझ्यासारखेच असता, तर हा आज उभा असता."

रोपवाटिकेतल्या माळ्याने फोनवर सांगितलेलं तिने आम्हाला सांगितलं. कापलेली बाजू सुकून टणक होईपर्यंत उरलेला शेंडा सावलीत ठेवायचा, मग वाळू मिसळलेल्या कोरड्या मातीत लावायचा, आणि मुळं धरेपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही.

"जगेल?" वहिनीने हळूच विचारलं.

"माहीत नाही. पण आता तो माझ्या हातून जगेल नाहीतर मरेल."

दादाचा आवाज उतरला होता. "आई, चुकलं आमचं. पण तू पुन्हा पडलीस तर?"

"पडले तर धावत ये. उचल मला, दवाखान्यात ने, रड हवं तर. पण मी उभी असताना मला उचलू नकोस."

तेवढ्यात बेल वाजली. दादा अर्धा उठला, तर मावशीने त्याला हातानेच बसवलं आणि स्वतः दार उघडलं. बाहेर ते जोडपं उभं होतं. बाई मावशीच्या खांद्यावरून आत डोकावत होती.

"जागा बघायला आलोय. रिकामी कधी होणार?"

"होणार नाही."

"पण आम्हाला तर सांगितलं होतं की..."

"सांगणाऱ्याने मला विचारलं नव्हतं," मावशी म्हणाली. "इथे मी राहते."

ते दोघं जिना उतरून दिसेनासे होईपर्यंत ती दारातच उभी राहिली. आत दादा बसल्या जागेवरून हलला नाही.