तेवढी जागा सिस्टरची

आमचं युनिट तेव्हा सिकंदराबादला होतं. सकाळी सहाची पीटी संपली आणि कंपनी ऑफिसातून बोलावणं आलं. ऑर्डर तीन ओळींची होती. मराठवाड्यात दुष्काळी भागात गॅस्ट्रोची साथ. सिव्हिल प्रशासनाने मदत मागितली आहे. मेडिकल डिटॅचमेंट दुपारी दोन वाजता निघेल. कॅप्टन डॉक्टर, मी म्हणजे हवालदार नर्सिंग असिस्टंट, चार जवान, दोन ड्रायव्हर, एक थ्री-टन ट्रक आणि एक अ‍ॅम्ब्युलन्स.

जागेचं नाव मी दोनदा वाचलं. अहमदपूर तालुका. मी अहमदपूरचाच. युनिफॉर्म घालून आपल्याच तालुक्यात ड्युटीवर जायचं, असं फार थोड्यांच्या नशिबी येतं. साथीची बातमी वाचून आनंद झाला हे लिहायला लाज वाटते, पण झाला.

बिदर, उदगीर करत आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी गावात पोहोचलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या विहिरीचं पाणी लोक आजही पितात आणि ते आता चांगलं आहे. शिवारात हिरवं असं काही उरलं नव्हतं. गावापासून दोन मैलांवर नांदेड जिल्ह्याची हद्द लागते. लातूर जिल्हा नवाच झाला होता, कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंगही ओला होता म्हणा ना. नकाशे, याद्या, रजिस्टरं जुन्या कचेऱ्यांतून नव्या कचेऱ्यांकडे निघाली होती आणि बरीचशी वाटेतच होती. आरोग्य खात्याची जीपही तशीच वाटेत. नांदेडवाले म्हणत हे गाव आमचं नाही, आणि लातूरचं सामान अजून जुन्या जिल्ह्याच्या गोदामातून सुटायचं होतं. ब्लीचिंग पावडर आमच्याकडे होती ती एक विहीर कशीबशी शुद्ध होईल इतकी. गावात पाण्याच्या विहिरी तीन.

उपकेंद्र म्हणजे पत्र्याची एक खोली. बाहेर लिंबाखाली बाजा टाकलेल्या, त्यावर पेशंट, आणि त्यांच्यामध्ये चाळिशीच्या एक बाई पितळी तांब्या घेऊन फिरत होत्या. पांढरं लुगडं, कमरेला पदर खोचलेला, पायात रबरी चप्पल. त्या या गावच्या आणि आजूबाजूच्या चार गावांच्या नर्स, पद्मिन सोनकांबळे. सगळे त्यांना सिस्टर म्हणत.

कॅप्टन साहेब केरळचे. त्यांना मराठी येत नव्हतं. मी पुढे होऊन रिपोर्ट विचारला.

“आजारी किती, सिस्टर?”

“आजचे सव्वीस. दोन गेले. बाकी पाण्यावर ठिवलेत, मीठ-साखरंच्या.”

“रजिस्टर?”

“ते साहेब लोकांनी जमा करून नेलं. नव्या जिल्ह्याचं छापून येणार हाय म्हणे. मी भिंतीवर लिहून राहिले.”

मला हसू आलं. त्यांनी ते पाहिलं आणि मला गल्लीत नेलं. प्रत्येक घराच्या दाराशेजारी गेरूच्या खुणा होत्या. आजारी माणसाला एक गोल. पाजलेल्या प्रत्येक तांब्याला एक रेघ. आणि खाली ठिपके. एक, दोन किंवा तीन. पिण्याचं पाणी कोणत्या विहिरीचं, ते त्या ठिपक्यांवरून कळायचं. बासष्ट घरं, बासष्ट भिंती. दिवसातून दोनदा त्या सगळीकडे जात आणि खुणा वाढवत. मी सैन्यात तेव्हा अकरा वर्षं काढली होती. इतकं स्वच्छ वॉर्ड रेकॉर्ड मी मिलिटरी हॉस्पिटलातही पाहिलं नव्हतं. माझं हसू तिथंच जिरलं.

“तीन ठिपके म्हणजे?” मी विचारलं.

“मन्मथअप्पाची हीर.” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “मला तिचाच संशय हाय. पण अजून दोन दिवस खुणा बघू द्या. उगं कुणाच्या पाण्याला नाव ठिवायचं न्हाई.”

मन्मथअप्पा गावातले किराणा व्यापारी. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, साठीचे गृहस्थ. सरकारी विहीर आटत आली तेव्हा त्यांनी मळ्यातली स्वतःची विहीर सगळ्या गावाला मोकळी केली होती. कोणी यावं, कितीही न्यावं. पूर्वी तिथं सगळ्यांना पाणी भरता येत नव्हतं. गावात त्यांना लोक हात जोडत होते, आणि ते योग्यच होतं.

कॅप्टन साहेबांकडे अधिकृत यादी होती. यादीत पिण्याची विहीर म्हणून सरकारी विहीर लिहिली होती, अप्पांची खाजगी म्हणून नव्हतीच. पावडर सरकारी विहिरीत पडली. तीन दिवस गेले. पेशंट कमी होईनात.

आता माझ्या कामाबद्दल. पोहोचल्या दिवशीच मी ड्युटी रोस्टर बनवलं. चार जवान, दोन-दोनच्या जोड्या, आठ तास काम आणि आठ तास विश्रांती. विश्रांती म्हणजे झोप, गप्पा नाहीत. साथीच्या कामात थकलेला माणूस चुका करतो आणि स्वतः आजारी पडतो, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात. रोस्टर मी उपकेंद्राच्या दारावर खिळ्याने ठोकलं. ड्रायव्हरांचीही नावं त्यात होती. मला त्या कागदाचा अभिमान होता.

चौथ्या दिवशी सकाळी कॅप्टन साहेब पावडर मिळवायला ट्रक घेऊन लातूरला गेले. साडेअकराला वायरलेस वाजला.

“अल्फा वन, उद्या दहा वाजता सीओ साहेबांची व्हिजिट. सोबत सिव्हिल ऑफिसर. एरिया तयार ठेवा. ओव्हर.”

“अल्फा वन, रॉजर. आऊट.”

सीओ म्हणजे आमच्या युनिटचे प्रमुख. ते येणार, एरिया तयार ठेवा म्हटल्यावर फौजी माणूस काय करतो, हे फौजी माणसालाच विचारा. दगड असो, झाडाचा बुंधा असो, भिंत असो, तो चुना मारतो. आम्ही उभ्या आयुष्यात हेच केलं होतं. शिवाय चुन्याने जंतू मरतात, म्हणजे ते हायजिनमध्येही बसत होतं. चुना गावात भरपूर होता. सिस्टर शेजारच्या वस्तीवर पेशंट बघायला गेल्या होत्या. मी चार जवान आणि गावातली दहा-बारा माणसं लावली. लोक खुशीने आले, साथ आल्यापासून त्यांना हातांनी करण्यासारखं काही मिळालंच नव्हतं. दोन तासांत सगळी गल्ली पांढरीशुभ्र झाली. मी शेवटच्या कोपऱ्यावर उभा राहून बघितलं आणि शाबासकी दिली. गेरू कुठे गेला, हे माझ्या लक्षातच आलं नाही. अगदी खरं सांगतो, नाही आलं.

दोन वाजता सिस्टर परत आल्या. गल्लीच्या तोंडाशी थांबल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला सगळं एकदम कळलं. साथ आल्यापासूनचा हिशेब, कोण किती प्यालं, कोणत्या घरात कोणत्या विहिरीचं पाणी, सगळं मी माझ्या हाताने पुसलं होतं. कॅप्टन साहेब संध्याकाळपर्यंत एका विहिरीपुरती पावडर घेऊन येणार होते आणि ती कुठे टाकायची हे सांगणारी एकच गोष्ट गावात होती.

“सिस्टर,” मी म्हणालो, “चूक माझी आहे.”

मी शिव्या खायला तयार होतो. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. डोळे मिटून क्षणभर उभ्या राहिल्या.

“कागद हाय का भाऊ? जाड वही आणा. आन् माझ्या मागं मागं या.”

पहिल्या दाराशी गेल्या. ओल्या चुन्यावर, जिथे खूण होती बरोबर तिथे, उजवा हात टेकवला.

“दोन आजारी. सासू आन् धाकटी सून. सासूला एकोणीस तांबे, सुनंला अकरा. तीन ठिपके. लिहिलं?”

“लिहिलं.”

पुढचं घर. पुन्हा हात. “आजारी कुणी न्हाई. एक ठिपका.” पुढचं घर. “म्हातारा. बावीस तांबे. काल दुपारी उलटी थांबली. तीन ठिपके.” कुठे थांबणं नाही, कुठे मागे वळून दुरुस्त करणं नाही. घरातली माणसं दारात येऊन ऐकू लागली आणि मान हलवू लागली. हाव, बराबर. हाव, तितकंच. एका बाईने मध्येच म्हटलं, “माझे चवदा झाले सिस्टर.” सिस्टर म्हणाल्या, “तेरा. चवदावा तू सांडलीस.” सगळे हसले आणि सिस्टर पुढे निघाल्या.

बासष्ट घरं. माझा लिहिणारा हात दुखायला लागला. मी मोठमोठे अधिकारी बघितलेत, परेडवर हजार माणसं एका आवाजावर वळताना बघितलीत. पण एखाद्या माणसाने एक अख्खं गाव डोक्यात घेऊन चालावं, असं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. मागे वळून बघितलं तर प्रत्येक दाराशेजारी ओल्या चुन्यात त्यांच्या हाताचा ठसा उमटला होता.

साडेपाचला कॅप्टन साहेब परतले. वही उघडी ठेवून त्यांनी पेन्सिलीने मोजलं. आजारी घरं तेवीस, त्यातली एकवीस तीन ठिपक्यांची. त्यांनी अप्पांना बोलावलं. मी मराठीत सगळं समजावून सांगितलं. आजाऱ्यांचे कपडे बायका विहिरीच्या काठावर धुतात, बांधकामाला चिरा पडल्यात, ते पाणी आत झिरपतंय.

अप्पांनी गळ्यातलं लिंग हातात धरलं.

“पुण्य समजून पाजलं वो मी,” ते म्हणाले.

मग स्वतःच उठले, मळ्यात गेले आणि रहाटाचा दोर सोडून खांद्यावर घेऊन आले. आता त्या विहिरीतून कुणाला पाणी ओढता येणार नव्हतं.

दिवस मावळायच्या आत आम्ही पावडर टाकत होतो. सिस्टर काठापासून दूर एका दगडावर बसल्या होत्या. बसलेल्या मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. कॅप्टन साहेबांनी तिकडे नजर टाकली, झपाझप गेले, त्यांच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, अंगातलं पाणी आटल्याची खूण.

“कब से, सिस्टर?”

“परवापासून,” त्यांनी मला सांगितलं. “सांगितलं असतं तर निजवलं असतं तुमी मला.”

तिथंच सलाईन लावलं. मी बाटली उंच धरून उभा होतो. मी विचारलं, तुम्हाला त्या विहिरीचा संशय होता ना, मग तुम्ही ते पाणी प्यालात कसं?

“घरी गेलं की तांब्या पुढं येतो, भाऊ,” त्या म्हणाल्या. “धा वर्सं या गावात काढली. कितीक दारांत मला वरून पाणी वाढायचे, भांड्याला हात लावू द्यायचे न्हाईत. या दुष्काळात पैल्यांदा हातात तांब्या दिला लोकांनी. आता मी नको म्हणलं, तर माझ्या हातचं मीठ-साखरंचं पाणी कोन पील?”

मी बाटली आणखी थोडी उंच धरली.

कॅप्टन साहेब नाडी धरून बसले होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “हवालदार, रोस्टर में सिस्टर का रेस्ट कब था?”

“साब, नाम नहीं था.”

“क्यों?”

“सिव्हिल थीं, साब.”

ते पुन्हा नाडी मोजू लागले. रागावले असते तर बरं झालं असतं.

अ‍ॅम्ब्युलन्सने त्यांना लातूरला नेलं. मी सोबत होतो. वाटेत त्या शुद्धीवर होत्या. मधूनमधून एखाद्या पेशंटचं नाव घेऊन त्याला किती तांबे राहिलेत ते सांगत होत्या, आणि मी वहीत लिहीत होतो. हॉस्पिटलातल्या लोकांनी आपल्याकडे होतं ते सगळं केलं. पण उशीर झाला होता, लघवी बंद पडली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वातीनला त्या गेल्या. सीओ साहेबांची व्हिजिट गावात माझ्याविनाच झाली. त्याच दिवशी गावातून अ‍ॅम्ब्युलन्सच्या वायरलेसवर रिपोर्ट आला.

“नवीन पेशंट एक. ओव्हर.”

“रॉजर,” मी म्हणालो.

त्यानंतर चौथ्या दिवसापासून नवीन पेशंट शून्य. आठवड्याने आम्हाला परत बोलावलं. सिस्टरचं रजिस्टर तोवर आलं नव्हतं. माझी वही कॅप्टन साहेबांनी सही करून लातूरच्या ऑफिसात दिली.

पुढे मी तेरा वर्षं नोकरी केली. पूर, अपघात, सरहद्द, सगळीकडे रोस्टर मीच बनवायचो. हाताखालचे जवान थट्टा करायचे, की साहेब आधी गावच्या दाईचं आणि कंपाउंडरचं नाव लिहितात, त्यांच्या झोपेची वेळ ठरवतात, मग आमच्याकडे वळतात. करू दे थट्टा. कारण मी कुणाला सांगितलं नाही. इथे पहिल्यांदा सांगतोय.

पेन्शनवर आल्यावर एकदा एसटीने त्या गावी गेलो. दिवाळीच्या आधीचे दिवस, घरोघर भिंतींना चुना चालला होता. उपकेंद्र आता पक्कं, दोन खोल्यांचं, दोन नर्सबाई. अप्पा राहिले नव्हते. मी गल्लीतून चाललो होतो. एक म्हातारी कुंचा घेऊन भिंत रंगवत होती. दाराशेजारी आली तेव्हा तिने हात आवरला आणि थोडी जागा सोडून भोवतीने कुंचा फिरवला. मी जवळ गेलो. वर्षावर्षाच्या चुन्याच्या थरांमध्ये ती जागा खोल गेली होती. आत पाच बोटं होती.

“आजी, इथं का नाही लावत?”

“तेवढी जागा सिस्टरची हाय,” ती म्हणाली. “तुमी कोन?”

“मी ती भिंत पुसली होती,” मी म्हणालो.

तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग घरात गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली, माझ्या हातात दिला. मी तो तिथेच उभ्याने संपवला.

डोक्यावर टोपी नसेल तर आम्ही सॅल्यूट करत नाही. मी चपला काढल्या आणि त्या हातासमोर सावधान उभा राहिलो.