भोंग्यावरचा पैलवान

हुपरीची मुलगी केर फेकत नाही. आमच्याकडं पैंजणांच्या कामाची जागा झाडली की धूळ डब्यात जाते; भट्टीत घातली की तिच्यातूनही चांदी निघते. नव्वदच्या दशकात लग्न होऊन कोल्हापुरात आले आणि पहिल्याच सकाळी पुढचा सोपा झाडून केर डब्यात भरला. सवयच ती. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, केर साठवतीस व्हय? सोनं निघणार हाय का त्यातनं?"

"सोनं न्हाई, चांदी," मी बोलून गेले. सगळ्यात मोठ्यानं हसले ते आमचे हे, राज्याची गदा जिंकलेले पैलवान.

पुढं यांचा गुडघा गेला आणि ते हसणंही गेलं. तालमीची वाट सुटली. जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानाची आमंत्रणं यायची, हे दार लावून बसायचे. जिथं नाव झालं तिथं लंगडत जायची लाज वाटायची. मला त्या लाजेचा राग यायचा, आणि भीतीही.

हाताला काम असावं म्हणून एकदा घरचा केर यांच्यापुढं ओतला. "निवडा." चिडले, पण निवडायला लागले. मग गल्लीचा केर आला. टाकलेल्या प्लॅस्टिकचे दाणे आणि दाण्यांची बादली होताना कारखान्यात जाऊन बघून आले, आणि दिसेल त्याला "वाया काय जात न्हाय की!" सांगत सुटले. पैलवानाचं डोकं फिरलं, असं लोक म्हणत. फिरू दे, म्हटलं, माणूस बोलतंय तरी.

मग नेसरीकडच्या एका जत्रेला हे आपणहून निघाले. मीही गेले. मैदानात तेव्हा बायका जात नसत. मी, ज्यांच्याकडं उतरलो होतो त्यांच्या चुलीपुढं भाकरी थापत भोंग्याकडं कान लावून बसले. हलगी थांबली, यांचा आवाज आला. "चहाचं प्लॅस्टिकचं ग्लास मातीत टाकू नगा. मला द्या, त्याचा परत माल हुतोय."

"पैलवान, कुस्ती सोडून कचरा येचाय लागला व्हय?" कुणीतरी ओरडलं, तेही भोंग्यातनं आलं. हशा पिकला. माझी भाकरी तव्यावर करपली. आता हे परत कधी उंबरा ओलांडणार नाहीत, असंच वाटलं.

तेवढ्यात भोंग्यातनं यांचाच आवाज आला. "व्हय, येचतोय. ह्या मातीनं मला मोठं केलं. उद्या तुझं पोरगं हिच्यात उतरंल, त्याच्या अंगात फुटका ग्लास घुसाय नगो. उचल तो, न्हायतर मी येतो तिथं!"

"उचलला, उचलला!" निवेदक कुस्ती निकाली निघाल्यागत ओरडला. शिट्ट्या झाल्या, हलगी कडाडली. माझा जीव भांड्यात पडला.

दिवस कलताना हे आले, खांद्यावर ग्लासांनी भरलेलं पोतं, भर गावातून लंगडत. सोप्यात माणसं बसली होती. त्यांच्यादेखत हे मला म्हणाले, "गुडघा लय दुखतोय गं. तेल गरम कर."

इतक्या वर्षांत चार माणसांत त्यांनी गुडघ्याचं नाव काढलं नव्हतं. मी तेल गरम करायला आत गेले आणि चुलीकडं तोंड करून पोटभर रडले.