मुंजाजीची नजरबंदी

झरीचा मुंजाजी धनगर जादूगार झाला तो मेंढरांमुळं. कळप राखताना लहानपणीच त्याच्या ध्यानात आलं होतं, की सगळा कळप वळवायची गरज नसते. पुढचा म्होरक्या वळवला की मागची शंभर मेंढरं काही न विचारता वळतात. पुढं एका तंबूवाल्या कंपनीबरोबर चार वर्षं हिंडून तो हातचलाखी शिकला; पण गर्दीपुढं उभा राहिला की आधी म्होरक्या हेरायचा. एकानं 'दिसलं, दिसलं!' म्हटलं की बाकीच्यांना आपोआप दिसायला लागतं, हा त्याचा अंदाज कधी चुकला नाही.

त्याची सागवानी पेटी बैलगाडीवर कायमची ठोकलेली होती. माणूस आत जायचा, दार लागायचं, उघडलं की पेटी रिकामी. मागच्या फळीपुढं काळ्या मखमलीचा पडदा होता आणि पडद्यामागं एक माणूस अंग चोरून उभा राहील एवढी जागा. ही मखमल त्याला अण्णारावानं दिली होती. अण्णाराव पूर्णेचा लिंगायत कापडवाला, मुंजाजीचा जिवाभावाचा दोस्त. पडद्यामागची जागा या दोघांना आणि मुंजाजीच्या बायकोला, सुगंधाबाईला, तेवढी ठाऊक होती.

अठ्ठेचाळीसच्या चैत्रात अण्णाराव निजामाच्या राज्यात बंदी असलेल्या तिरंगी झेंड्यांचा गठ्ठा घेऊन शेजारच्या एका छोट्या जहागिरीतून जात असताना पकडला गेला. जहागीरदार हैदराबादेत राहायचे. गढीवर हुकूम चालायचा तो कारभारी दिनकररावाचा. त्यानं अण्णारावाला गढीतच नजरबंद करून ठेवलं. येत्या बुधवारी त्याची रवानगी हैदराबादला व्हायची होती. तिकडं गेलेल्यांची पुन्हा खबर येत नव्हती.

मुंजाजीची मेंढरं त्या दिवसांत त्याच शिवारात बसली होती आणि सुगंधाबाई गढीवर दूध घालत होती. कोठडीच्या झरोक्यातून अण्णारावाच्या वाटीत दूध ओतता ओतता तिनं निरोप पोचवला.

"भावजी, मंगळवारी हलगी वाजली की अंथरुणातला कडबा घोंगडीखाली कोंबा. माणूस निजल्यावानी दिसला पाह्यजे."

"आन् मंग, वैनी?"

"मंग बोलावतील तिकडं गुमान जायचं. बाकीचं तुमचे दोस्त बघतील."

मंगळवारी कारभाऱ्याच्या नातवाचं जावळ होतं आणि त्यात मुंजाजीचा खेळ ठरला होता. जेवणं उरकली, दुपार कलली, अंगणात बैठक बसली. मुंजाजीनं गाडी मधोमध आणली, हलगी वाजवली आणि मुजरा केला.

"हुजूर, नजरबंदीचा खेळ दावतो. असली नजरबंदी अख्ख्या मुलखात कुणाला जमली न्हाई."

गावातल्या माणसाला नजरबंदी म्हणजे जादू. कचेरीतल्या माणसाला नजरबंदी म्हणजे कैद. मुंजाजीनं तो शब्द कारभाऱ्यापुढं जाणूनबुजूनच टाकला होता. दिनकरराव पोट धरून हसला.

"अरे धनगरा, नजरबंदी तू मला शिकवतोस? तुझी नजरबंदी टाळी वाजेपर्यंतची. माझ्या कोठडीत वीस दिवस झाले एक बसलाय, मुंगीएवढासुद्धा सरकला नाही!"

"मंग बसवा की तुमचा नजरबंद माझ्या पेटीत. बघू कुणाची पक्की."

सगळी बैठक कारभाऱ्याकडं बघू लागली. आता नाही म्हणणं म्हणजे धनगराला भिणं. त्यानं जमादाराला खूण केली. अण्णाराव दाढी वाढलेल्या अवतारात बाहेर आला, मान खाली घालून गाडीवर चढला आणि पेटीत शिरला. दार लागताच छातीवरचं इष्टलिंग मुठीत धरून तो मखमलीमागं सरकला.

"आता हुजूर, कोठडीला कुलूप घाला आन् किल्ली सोताच्या मुठीत ठिवा. बंद दारातून नजरबंद माघारी धाडतो."

कुलूप लागलं, किल्ली आली. मुंजाजीनं पेटी उघडली. रिकामी! पोरंबाळं किंचाळली. मग त्यानं हेरून ठेवलेल्या पहारेकऱ्याकडं, आश्रुबाकडं बोट केलं. आश्रुबा मोठा इरेसरीचा गडी. तोंडून गेलेला शब्द मरेस्तोवर न सोडणारा.

"आश्रुबादादा, जरा झरोक्यातून बघून या. कैदी आला का जाग्यावर?"

आश्रुबा पळत गेला. आत अंधार, अंधारात घोंगडी, घोंगडीखाली कुणीतरी.

"हाय हुजूर! निजलाय!"

दिनकरराव किल्ली घेऊन उठला. दार उघडलं की कडबा उघडा पडणार होता. पण मुंजाजीचा आवाज तसाच खणखणीत.

"खुशाल बघा, हुजूर. आश्रुबादादाला कमी दिसतं हे मला काय ठावं?"

बैठक हसली. आश्रुबा खवळला.

"कमी दिसायला म्या काय म्हातारा झालो का? चांगला घोरायलाय की! आवाज हितवर येतो!"

दुसरा पहारेकरी झरोक्याशी गेला. त्यालाही घोरणं ऐकू आलं. तिसऱ्याला तर कैद्यानं कूस बदललेली दिसली. मुंजाजी मनाशी म्हणाला, कळप वळला. दिनकररावानं मिश्यांवरून हात फिरवला आणि तो पुन्हा गादीवर टेकला. पानसुपारी झाली, मुंजाजीला एक फेटा मिळाला आणि बैलगाडी गढीच्या दरवाजातून सावकाश बाहेर पडली. दिवस मावळायच्या आत अण्णाराव पूर्णा स्टेशनात निजामाच्या हद्दीबाहेर मनमाडला जाणाऱ्या गाडीत बसला होता.

संध्याकाळी भाकरी द्यायला कोठडी उघडली तेव्हा घोंगडीखाली कडबा निघाला. कारभाऱ्यानं वर काय लिहावं? स्वतःच्या हुकमानं कैदी पेटीत बसवला, किल्ली स्वतःच्या मुठीत होती. त्यानं पुढं कधी पेटीचं नाव काढलं नाही.

सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं आणि अण्णारावानं पूर्णेचं दुकान पुन्हा उघडलं. गढीवरची नोकरी सुटलेला आश्रुबा तिथंच कापडाचे तागे उचलायला राहिला. बाजारच्या दिवशी मुंजाजी येऊन बसला की तो विषय हटकून निघायचा.

"आश्रुबा, अरे मी पेटीत होतो," अण्णाराव म्हणायचा.

"तुमी पेटीत असाल, मालक," आश्रुबा तागा उचलता उचलता म्हणायचा, "पर घोरत व्हता."

मुंजाजी पान जमवत गालात हसायचा. असा म्होरक्या त्याला पुन्हा मिळाला नाही.