तिवसाचे ठोकळे

"बंडीले चालते ते ट्रकले चालत नाही, हे मी तुले तिसऱ्यांदा सांगून राहिलो, माय."

"चौथ्यांदा सांग. माझे कान अजून शाबूत आहेत," जमुनाबाई म्हणाली. ओसरीत बसून ती तांदूळ पाखडत होती आणि बोलताना सूप थांबलं नव्हतं.

तिचा धाकटा मुलगा कुंजीलाल अंगणात ट्रकच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसला होता. लढाईतून उरलेला, चारही चाकांनी ओढणारा हा लष्करी ट्रक नागपूरच्या लिलावातून घरात येऊन तीन वर्षं झाली होती. दिवाळीनंतर जंगलातला बांबू सडक अर्जुनी गावाला आणून टाकायचं काम मिळालं होतं. पण जंगलाच्या वाटेवर बैलबंड्यांनी चाकोऱ्या इतक्या खोल पाडल्या होत्या की मधल्या उंचवट्यावर ट्रकचं पोट टेकायचं आणि मागच्या आसाचा लोखंडी गोळा दगडांवर आपटायचा. मागची बाजू चार बोटं तरी उंच करायला हवी, यावर घरात दुमत नव्हतं. भांडण होतं ते कशी करायची, यावर.

थोरला मनोहरलाल म्हणाला होता, चाकांवरच्या कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, आहेत तेच पाटे सुखराम लोहाराकडून तापवून जास्त वाकवून घेऊ. तापवलेल्या पाट्याचं पाणी उतरतं, तो मऊ पडतो, पहिल्याच खेपेत तो सरळ होईल, असं सांगून कुंजीलालनं त्याला गप्प केलं. कुंजीलालला कमानीत एकेक जाड पाटा वाढवायचा होता. गोंदियाचा ईश्वरदास मिस्त्री तो मागवून देणार होता, पण त्याला महिना लागणार होता. जमुनाबाईचं म्हणणं, कमान आणि आस यांच्यामध्ये लाकडी ठोकळे घाला, लांब बोल्टांनी आवळा आणि आठ दिवसांत कामाला लागा.

"ठोकळा सरकला का आस सरकते. आस सरकला का गाडी कुठंबी जाते," कुंजीलाल म्हणाला.

"वीस वर्सं बंडी हाकली मी. माझा ठोकळा नाही सरकला."

"तुझी बंडी बैलाच्या पायानं चालत होती. हिले बिरेक हाये. बिरेक दाबला का सारा झटका त्या लाकडावर येते."

"मंग हळू चालव."

"अशा गाडीवर मी बसत नाही."

"नोको बसू. सडकेवर ढाब्याढाब्यावर डायवर खाटा मोडून राहिले. एक आणते."

कुंजीलाल उठला, हात झटकले आणि विहिरीकडे गेला. एकोणिसाव्या वर्षी तो आईला न विचारता फौजेत गेला होता आणि ब्रह्मदेशाच्या चिखलात असेच ट्रक चालवून परत आला होता. धानाची रोवणी त्याला जमत नव्हती, हिशेब आणि घरची बंडी मनोहरलालकडे होती, आणि घरात कुणी त्याला काही विचारत नव्हतं. ट्रकवर बसला की मात्र त्याला शिकवणारं कुणी उरत नसे. गाव त्याला डायवर म्हणत होतं. चाक हातातून गेलं असतं तर तो मनोहरलालचा धाकटा भाऊ, एवढाच राहिला असता. जमुनाबाईला हे माहीत होतं, म्हणून तिनं नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं.

ती सव्वीस वर्षांची असताना नवरा गेला. दीर म्हणाला, बाईच्यानं शेती होत नाही, जमीन मला वहायला दे. तिनं दुसऱ्याच दिवशी स्वतः बंडी जुंपली आणि धान भरून आमगावच्या बाजाराला नेलं. वाटेत लोक थांबून पाहत होते. बंडी उंच करायची झाली की आसावर तिवसाच्या चिवट लाकडाचा ठोकळा बसवायचा, हे ती तेव्हाच शिकली. तिवसाला कीड लागू नये म्हणून सुतार तो वर्षभर बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, गाळात पुरून ठेवतात आणि ओलाच बंडीला लावतात. लाकूड वाळतं, आकसतं, पाचर ढिली होते. म्हणून बैल जुंपण्याआधी रोज पाचर ठोकायची. तिनं एकही सकाळ चुकवली नव्हती.

दुधराम सुतारानं ट्रकचे ठोकळेही बोडीतूनच काढून आणले.

"ओलं हाये हे," कुंजीलाल म्हणाला. "वाळलं का बोल्ट ढिले पडतील."

"मंग आवळाचे. रोज सकाळी."

"मी डायवर हावो. बंडीवाला नाही."

जमुनाबाईनं हातभर लांबीचा पाना त्याच्या हातून घेतला. "राहू दे. तुझे हात मळतील."

दिवाळीनंतर रोज उजाडताच पंचावन्न वर्षांची ही बाई लुगड्याचा काचा घट्ट मारून, अंगणात गोणपाट पसरून ट्रकखाली शिरू लागली. आठही नट पाव-पाव फेरा आवळून बाहेर यायची, केसांतली माती झटकायची आणि चुलीकडे जायची. सडकेनं जाणारे लोक वाकून पाहत. कुंजीलाल विहिरीपाशी दात घासत उभा राही आणि पाठ फिरवी. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, डायवर सीटवर आणि डायवरची माय गाडीखाली. ते त्यानं घरी येऊन बायकोला, दुलारीला, ऐकवलं.

"मंग तुम्हीच आवळा ना," दुलारी म्हणाली.

"ठोकळे मी लावले का?"

ट्रक चांगला चालला, हे त्याला सर्वांत जास्त लागलं. पोट एकदाही टेकलं नाही. जेवताना जमुनाबाई मुद्दाम विचारायची, "टेकलं का आज?" मनोहरलाल नाही म्हणायचा. कुंजीलाल भाताकडे पाहायचा.

मार्गशीर्षात तिच्या बहिणीच्या नातवाचं बारसं निघालं. चार दिवसांसाठी आमगावला जाताना तिनं पाना कुंजीलालच्या खाटेवर ठेवला. "रोज सकाळी," एवढंच म्हणाली. कुंजीलाल बिडी पेटवत होता.

पहिल्या सकाळी दुलारीनं आठवण केली. "मायचे ठोकळे हायेत. माय आली का आवळंल," तो म्हणाला. दुसऱ्या सकाळी तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा त्यानं पाना उचलून बैलांच्या कोठ्यात फेकला. पुढच्या दोन सकाळी ती आपल्या कामाला लागली.

चौथ्या दिवशी दुपारी बांबू भरून येताना उतारावरच्या वळणावर त्यानं ब्रेक दाबला. डाव्या बाजूचा ठोकळा कमानीखालून निसटला, आस तिरपा झाला आणि ट्रक पाठ फिरवल्यासारखा आडवा होऊन नाल्यात गेला. वेग कमी होता म्हणून जीव वाचले. कुंजीलालच्या कपाळाला खोक पडली. शेजारी बसलेल्या मनोहरलालच्या खांद्याचं हाड मोडलं.

दुसऱ्या दिवशी जमुनाबाई परतली. बातमी तिला सडकेवरच कळली. ती आधी घरी आली नाही. नाल्यात उतरली, ट्रकखाली वाकली आणि उजव्या बाजूचे नट पाहिले. त्यांच्यावर धुळीचा थर होता. एक नट तिच्या बोटांनी फिरला.

घरी आली तेव्हा मनोहरलाल ओसरीत खाटेवर पडला होता. खांद्याला बांबूच्या कांबी बांधल्या होत्या. कुंजीलाल भिंतीला टेकून बसला होता. तिनं पायरी चढायच्या आधीच तो म्हणाला, "मी सांगितलं होतं. लाकूड सरकते."

"सांगितलं होतं," जमुनाबाई म्हणाली. "तुझंच खरं. लाकूड नव्हतं लावाचं."

असं ती कधी म्हणाल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं. मनोहरलालनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"आता सांग. चार दिवस पाना कोणं फिरवला?"

कुंजीलालनं कपाळावरची खोक चाचपली.

"दुलारी."

दुलारी चुलीपुढून उठली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता.

"कोणंच नाही, माय," ती म्हणाली.

"तुले कोणं विचारलं मधात बोलाले?" कुंजीलाल तिच्यावर खेकसला.

"मी विचारलं," जमुनाबाई म्हणाली. "तिच्यावर कायले वरडतं? लाकूड आपल्या बाजूनं साक्ष देईल म्हणून वाट पाहून राहिला होता ना? दिली त्यानं. त्याच गाडीत भाऊ होता तुझा."

"मले का माहीत चारच दिवसांत..."

"तुलेच माहीत होतं. घरात तुले एकट्यालेच माहीत होतं."

तिनं रांजणातलं पाणी घेऊन पाय धुतले, पदराला हात पुसले आणि ओसरीच्या कडेला बसली. कुणाकडे विशेष न पाहता, उद्या कोणत्या बांधीत कापणी आहे हे सांगावं तशी ती बोलली.

"गोंदियाले निरोप धाडला मी. ईश्वरदास पाटे आणून देते. कुंजीलाल म्हणत होता तसेच, एकेक जास्तीचा. महिना लागला तं लागू दे. बांबूचं काम गेलं तं जाऊ दे. गाडी आता मुन्नालाल चालवंल, ढाब्यावरचा. त्याच्याशी बोलून आली मी. मनोहरचा खांदा बरा होईपर्यंत बंडी कुंजीलाल हाकंल, आणि बरा झाल्यावरबी कुंजीलालच हाकंल. दुलारी, भात वाढ."